जांभ्या चिऱ्याचे घर : चिपळूणमधून नाहीशी होत चाललेली बांधणी

चिपळूणच्या जुन्या आळ्या एकेकाळी दोन रंगांनी ओळखू येत. भिंतींचा तांबूस जांभळा आणि छपराचा विटकरी. विसाव्या शतकाच्या पहिल्या दोन-तीन दशकांत बाजारपेठेत आणि तिच्या भोवतालच्या वस्त्यांत जांभ्या चिऱ्याच्या भिंतींची, लाकडी माडीची, मंगळुरी कौलांच्या उतरत्या छपराची घरे उभी राहिली. त्यांतील अनेक घरे आज जागेवर नाहीत. कुठे त्यांच्या जागी चार मजली इमारत आली, कुठे दुकानांचा गाळा आला, तर कुठे नुसते जोते आणि त्यावर उगवलेले रान उरले. घर पाडले गेले की 'जुने झाले होते, कधी तरी जायचेच होते' एवढ्यावर विषय संपतो. परंतु ते घर उभे कसे राहत होते, त्यातील प्रत्येक भागाची योजना कशासाठी होती, हे पाहू लागले की पाडकामात केवळ दगड-लाकूड गेले नाही, हे ध्यानात येते. पाण्याच्या गावात पाण्याशी जुळवून घेत राहण्याची एक रीतही त्याबरोबर गेली.

पाण्याचे गाव

सह्याद्रीचा कडा आणि दाभोळची खाडी यांच्या मधोमध चिपळूण वसले आहे. कुंभार्ली घाट उतरून येणारा कऱ्हाडकडचा रस्ता इथे कोकणात पाऊल टाकतो. गावाजवळून वाशिष्ठी वाहते आणि शिवनदी गावातून येऊन तिला मिळते. गोवळकोटच्या धक्क्यापर्यंत खाडीच्या भरतीचे पाणी चढते. त्यामुळेच रस्त्यांचे जाळे विणले जाण्यापूर्वी चिपळूण ही मोठी उतारपेठ होती. घाटावरचे धान्य आणि गूळ खाली उतरत, तर मीठ, मासळी, नारळ आणि बोटींनी आलेला माल वर चढे. या पेठेच्या बळावरच चांगली घरे बांधण्याची ऐपत गावात आली.

ज्या भूगोलाने पेठ दिली, त्यानेच पाणीही दिले. वर्षाला साडेतीन हजार मिलिमीटरच्या आसपास पाऊस, तोही बहुतेक चार महिन्यांत पडणारा. डोंगरात अतिवृष्टी झाली आणि त्याच वेळी खाडीला भरती असली, तर नदीचे पाणी पुढे सरकत नाही आणि गावात पसरते. म्हणून इथल्या घर बांधणाऱ्यापुढे दोन वेगळे प्रश्न होते. आभाळातून कोसळणाऱ्या आणि वाऱ्याबरोबर आडव्या येणाऱ्या पावसापासून भिंत कशी वाचवायची हा पहिला, आणि जमिनीतून चढणाऱ्या ओलीचे व अंगणात येणाऱ्या पुराचे काय करायचे हा दुसरा. जुन्या घराची सारी बांधणी या दोन प्रश्नांची उत्तरे देत उभी राहिली आहे.

विटेचा दगड

देशावरच्या वाड्यांत दगडी जोत्यावर भाजलेल्या विटांची भिंत दिसते. कोकणात वीट अगदीच अनोळखी होती असे नाही. कमानी, खिडक्यांच्या महिरपी, तुळशीवृंदावने अशा कामांत ती वापरली जाई. मात्र घराची मुख्य भिंत चिऱ्याची असे, कारण जमिनीनेच तयार वीट दिली होती.

हे शब्दशः खरे आहे. टिपू सुलतानाच्या पाडावानंतर, १८०० साली, फ्रान्सिस बुकानन नावाचा ईस्ट इंडिया कंपनीचा डॉक्टर म्हैसूर, कानडा आणि मलबार या मुलखांच्या पाहणीसाठी निघाला. मलबारातील अंगडिपुरम येथे लोक जमिनीतून एक मऊ तांबडा दगड लोखंडी हत्याराने ठोकळ्याच्या आकारात कापून काढतात आणि उघड्यावर ठेवला की तो कठीण होतो, हे त्याने पाहिले. तिथल्या बोलींत त्याला विटेचा दगड म्हणत. बुकाननने वीट या अर्थाच्या 'लॅटर' या लॅटिन शब्दावरून त्याचे 'लॅटेराइट' असे नामकरण केले. १८०७ साली प्रसिद्ध झालेल्या त्याच्या प्रवासवृत्तातून हे नाव जगभरच्या भूशास्त्रात रूढ झाले. कोकणात ज्याला जांभा म्हणतात तो हाच दगड. म्हणजे चिपळूणचे चिऱ्याचे घर हे नावाने का होईना, विटेचेच घर आहे. फरक एवढाच की ही वीट भट्टीत भाजलेली नसून उन्हापावसाने घडवलेली आहे.

जांभ्याची घडण समजली की त्याच्या बांधणीचे नियमही समजतात. काळ्या कातळावर लाखो वर्षे उष्ण आणि दमट हवेचा मारा होत राहिला. त्यातील विद्राव्य द्रव्ये पावसाने वाहून नेली. मागे राहिली ती प्रामुख्याने लोहाची आणि ॲल्युमिनियमची संयुगे. लोहामुळे दगडाला तांबडा रंग आला आणि वाहून गेलेल्या द्रव्यांच्या जागी पोकळ्या राहिल्या. खाणीतून नुकताच काढलेला चिरा ओला आणि मऊ असतो. तो वाळतो तशी त्यातील लोहसंयुगे घट्ट होत जातात. म्हणून जुने गवंडी ताजा चिरा लगेच भिंतीत घालत नसत. तो उघड्यावर रचून ठेवत आणि मुरू देत. खाणीतील कुठल्या थराचा चिरा भक्कम आणि कुठल्या थराचा ठिसूळ, हे रंगावरून आणि ठोकल्यावर येणाऱ्या आवाजावरून ओळखणारे कारागीर गावोगाव होते.

सच्छिद्रता हा या दगडाचा गुणही आहे आणि दोषही. पोकळ्यांतील हवेमुळे उन्हाळ्यात उष्णता आत झिरपायला वेळ लागतो आणि दुपारी माजघर थंड राहते. पण त्याच पोकळ्या पाणी शोषून घेतात. म्हणून चिऱ्याची भिंत भिजणार हे गृहीत धरून ती लवकर वाळेल अशी व्यवस्था करणे, हे इथल्या बांधणीचे मूळ सूत्र ठरले.

जोत्यापासून आढ्यापर्यंत

घराची सुरुवात जोत्यापासून होई. पायात शक्यतो काळा दगड घातला जाई, कारण तो जांभ्याइतके पाणी ओढत नाही. जमिनीतील ओल तिथेच अडली की वरचा चिरा कोरडा राहतो. जोते अंगणापासून चांगले उंच घेतले जाई आणि घरात शिरताना माणूस टप्प्याटप्प्याने वर चढे. अंगणातून एखादी पायरी चढून पुढच्या पडवीत, तिथून आणखी वर ओटीवर आणि मग उंबरा ओलांडून माजघरात. अंगणात थोडेसे पाणी आले तर ते पडवीच्या पायरीशी थांबे; आणखी चढले तर पडवी भिजे, पण ओटी कोरडी राही. धान्य, देव आणि बाळंतिणीची खोली घराच्या सर्वांत आतल्या आणि उंच भागात असत.

भिंती दीड ते दोन फूट जाडीच्या. चिरे एकमेकांवर बसवताना चिखलमातीचा किंवा ऐपत असेल तर चुन्याचा दर्जा भरला जाई. चुना घाणीत मळून घेत आणि तो चिवट व्हावा म्हणून त्यात गुळाचे पाणी व इतर वनस्पतिजन्य पदार्थ मिसळत. आतून चुन्याचा किंवा मातीचा गिलावा असे. बाहेरून मात्र अनेकदा भिंत उघडीच ठेवली जाई. हा काटकसरीचा भाग होताच, पण त्यामागे अनुभवही होता. पावसाळ्यात भिंतीने घेतलेले पाणी दिवाळीपर्यंत वाऱ्याउन्हाने बाहेर पडायला हवे. चुना आणि माती ओल बाहेर सोडतात. पुढच्या काळात अनेकांनी याच भिंतींना बाहेरून सिमेंटचा गिलावा केला. सिमेंटने पावसाचे पाणी काही अंशी अडवले, परंतु खालून चढलेली ओल आत कोंडून ठेवली. परिणामी गिलाव्याचे पोपडे निघू लागले आणि आतला चिरा झिजू लागला. 'जुनी भिंत ओल धरते' ही तक्रार पुष्कळ ठिकाणी या दुरुस्तीनंतर सुरू झाली.

भिंतीचे खरे रक्षण करी ते छप्पर. दोन किंवा चार बाजूंना तीव्र उताराने येणारे छप्पर भिंतीपासून बरेच बाहेर काढलेले असे. पागोळ्या भिंतीपासून दूर, जोत्याच्या पलीकडे पडत. वळचणीखाली लाकूडफाटा कोरडा राही. आडव्या पावसाच्या बाजूला मृगापूर्वी नारळाच्या झावळ्यांचे विणलेले झाप बांधले जात आणि पावसाळा सरला की उतरवले जात. पडवी ही मुळात भिंतीभोवती गुंडाळलेली एक सावली होती. तिच्यामुळे माजघराच्या भिंतीपर्यंत पाऊस पोहोचतच नसे. त्याच पडवीत शेतीची अवजारे ठेवली जात, भात झोडपले जाई, झोपाळा टांगला जाई आणि परका माणूस टेके. एकाच जागेला वातावरणाचे आणि माणसांचे असे दुहेरी काम दिलेले होते.

छपराखाली लाकडाचा सांगाडा. आढे, त्यावरून उतरणारे वासे, वाशांवर आडव्या रिपा आणि रिपांवर कौले. लाकूड आसपासच्या रानातले असे. खांब-तुळयांसाठी किंजळ, ऐन आणि परवडेल तिथे साग. दारे आणि कपाटे यांसाठी फणस. माडीची जमीन कडीपाटाची. तिच्या वर, कौलांच्या अगदी खाली, माळा. माळ्यावर भाताच्या कणग्या, आंब्याच्या अढ्या, लग्नकार्यातली भांडी ठेवलेली असत. पूर आला की घरातील सगळे मोलाचे सामान चढवायची जागाही तीच. दोन-चार कौलांच्या जागी काचेची कौले बसवून माळ्यावर आणि माजघरात उजेड घेतला जाई, कारण जाड भिंतींत मोठ्या खिडक्या पाडणे कठीण असे.

मंगळुरी कौलांनी केलेला बदल

विसाव्या शतकाच्या प्रारंभी बांधलेले घर त्याआधीच्या घरापेक्षा वेगळे दिसते, याचे एक मोठे कारण छपरात आहे. पूर्वी गरिबाच्या घरावर गवताचे छप्पर असे आणि खाऊनपिऊन सुखी माणसाच्या घरावर कुंभाराने घडवलेली नळीची कौले. ही कौले एकमेकांत अडकत नसत, नुसती टेकून राहत. वारा, मांजरे आणि माकडे ती हलवत. दरवर्षी सारे छप्पर उतरवून पुन्हा शाकारावे लागे.

१८६५ साली बासेल मिशनने मंगळूर येथे कौलांचा कारखाना सुरू केला. साच्यात दाबून काढलेली, एकमेकांत खाचेने अडकणारी आणि सर्वत्र सारख्या मापाची ही कौले पश्चिम किनाऱ्यावर लवकरच पसरली. त्यांची वाहतूक जलमार्गाने सोयीची होती, आणि चिपळूणला तर खाडी थेट गावाच्या वेशीपर्यंत येत होती. पहिल्या महायुद्धानंतर मिशनचा हा उद्योग कॉमनवेल्थ ट्रस्टकडे गेला. मंगळुरात स्थानिक उद्योजकांचे कारखानेही उभे राहिले. प्रत्येक कारखाना आपले नाव कौलाच्या पाठीवर उमटवत असे. जुने छप्पर उतरवताना ही नावे वाचली तर त्या घराचे किंवा निदान त्या छपराचे वय अंदाजता येते. पाडकामात मात्र ही कौले बहुधा फुटून ढिगाऱ्यात जातात आणि घराचा तो एकमेव दाखलाही नाहीसा होतो.

या कौलाने घराची रचना बदलली. सारख्या मापाच्या कौलाला सारख्या अंतरावरच्या सरळ रिपा लागतात, म्हणून वेडेवाकडे वासे चालेनासे झाले आणि सुताराच्या कामात काटेकोरपणा आला. रुंद दालनांवर खांब न लावता छप्पर टाकण्यासाठी लाकडी कैच्या वापरल्या जाऊ लागल्या. सरकारी कचेऱ्या, शाळा आणि बंगले यांतून ही पद्धत लोकांच्या डोळ्यांपुढे आली होती. त्याच सुमारास मुंबईत नोकरी-व्यवसाय करणाऱ्या माणसांचा पैसा गावाकडे येऊ लागला. पैशाबरोबर आवडीनिवडीही आल्या. छपराच्या टोकाला कातीव लाकडी झालर, दारांवरच्या अर्धगोलात रंगीत काचा, माडीला लोखंडी कठडा, जिन्याला कोरीव कठडे. आतली मांडणी मात्र तीच राहिली : पडवी, ओटी, माजघर, देवघर, स्वयंपाकघर, मागची पडवी, न्हाणी आणि परसदारी विहीर. नव्या सजावटीने जुन्या रचनेला धक्का लावला नाही, म्हणूनच ती घरे देखणी आणि वापरायलाही सोयीची राहिली.

बाजारपेठेतील घर मात्र थोडे निराळे. जागा रस्त्याला तोंड करून अरुंद आणि मागे लांब. पुढे फळ्यांचे दुकान, सकाळी एकेक फळी काढून ते उघडायचे. मागे मालाची कोठी, तिच्या मागे स्वयंपाक आणि विहीर, वर माडीवर राहणे. शेजारच्या घराशी भिंत लागून असल्याने पाऊस फक्त पुढच्या आणि मागच्या बाजूने येई. पूर आला तर खालच्या दुकानातला माल हातोहात माडीवर नेता येई, कारण व्यापारी आणि त्याचे कुटुंब त्याच छपराखाली राहत असे.

घर चालवणे

असे घर एकदा बांधून संपत नसे. ते दरवर्षी चालवावे लागे. वैशाखात कौले चाळायची, फुटकी बदलायची, वाळवी लागलेली रीप काढायची. जमीन चोपायची आणि सारवायची. गडग्याचे ढासळलेले दगड पुन्हा रचायचे. अंगणातले पाणी गटाराकडे जाईल असा उतार करायचा. कार्तिकात अंगण नव्याने करून मांडव घालायचा. ही कामे करणारी माणसे घरात आणि गावात होती. घर ही वस्तू नसून वर्षभर चालणारी एक कामांची साखळी होती, असे म्हटले तरी चालेल. ती साखळी जोवर अखंड होती, तोवर चिखलातल्या चिऱ्यांची भिंतही पिढ्यान् पिढ्या टिकली.

साखळी तुटली ती माणसे गेल्यामुळे. तरुण मंडळी मुंबई-पुण्यात स्थिरावली. घर गणपती आणि शिमग्यापुरते उघडू लागले. ज्या घरात चूल पेटत नाही, धूर वाशांपर्यंत जात नाही आणि दारे-खिडक्या महिनोन् महिने बंद राहतात, त्या घराला वाळवी आणि ओल लवकर गाठतात. एक कौल सरकले तर त्याखालचा वासा दोन पावसाळ्यांत कुजतो. वासा गेला की भिंतीच्या माथ्यावर पाणी पडू लागते आणि चिखलाचा दर्जा धुऊन जातो. भिंत पडते ती शेवटी. तिच्या पडण्याची सुरुवात एका कौलापासून झालेली असते.

त्यात वारसाहक्काचा प्रश्न. तीन पिढ्यांत मिळकतपत्रिकेवर वीस-पंचवीस नावे लागतात. घर दुरुस्त करायला खर्च एकाने करायचा आणि हिस्सा सर्वांचा, म्हणून कोणीच करत नाही. घर पाडून जागा विकसनाला दिली तर प्रत्येकाला सदनिका किंवा रोख रक्कम मिळते. आर्थिकदृष्ट्या हा निर्णय समजण्यासारखा आहे आणि त्यासाठी कुणाला दोष देता येत नाही. बाजारपेठेत जुने भाडेकरू, नाममात्र भाडे आणि वाढलेली जमिनीची किंमत यांची भर पडली. सागाचे आणि किंजळाचे जुने खांब, कोरीव दारे, झोपाळ्याच्या कड्या यांना शहरांतील हॉटेलांत आणि बंगल्यांत मागणी आली. परिणामी घराचे सुटे भाग घरापेक्षा मोलाचे ठरले.

बांधणीच्या काही मर्यादाही मान्य केल्या पाहिजेत. स्वच्छतागृह घराबाहेर, उजेड कमी, स्वयंपाकघरात धूर, म्हाताऱ्या माणसांना न झेपणारे उभे जिने. स्त्रियांच्या कष्टांवर या घराचा मोठा भाग उभा होता. सारवणे, पाणी भरणे, चुलीची राख काढणे ही कामे त्यांच्याच वाट्याला येत. शिवाय चिखलात बांधलेली जड भिंत भूकंपात धोक्याची. ११ डिसेंबर १९६७ च्या कोयना भूकंपाचे हादरे चिपळूण परिसराने अनुभवले आहेत. जुने ते सारे सोने असे म्हणण्यात अर्थ नाही.

पुराचा हिशेब

कोयना प्रकल्पाच्या पहिल्या टप्प्यातून १९६२ मध्ये वीजनिर्मिती सुरू झाली आणि पोफळीच्या वीजगृहातून सुटणारे पाणी वाशिष्ठीच्या प्रवाहात येऊ लागले. नदीपात्रात गाळ साचत गेला, काठांवर बांधकामे वाढली. २६ जुलै २००५ रोजी चिपळूण बुडाले. २२ जुलै २०२१ रोजी त्याहूनही मोठा पूर आला. बाजारपेठेत अनेक ठिकाणी पाण्याने तळमजला गिळून टाकला आणि माणसांना वरच्या मजल्यांवरून वाचवावे लागले. या पाण्यापुढे कोणतेही उंच जोते पुरे पडले नसते, हे उघड आहे. जे थोडे जुने चिऱ्याचे घर उरले होते, त्याचेही या पुराने नुकसान केले. चिखलाच्या दर्जाला इतका वेळ पाण्यात राहणे सोसत नाही.

तरीही पुराच्या हिशेबात जुन्या आणि नव्या घरांची तुलना काही शिकवते. नव्या इमारतीत दुकान तळाला, त्याची जमीन रस्त्याच्या पातळीला आणि मालक राहायला दुसरीकडे. माल वर न्यायला जागा नाही आणि न्यायला माणूसही हजर नाही. विजेचे मीटर, जनरेटर, पाण्याचे पंप तळमजल्यावर. भिंती सिमेंटच्या गिलाव्याने बंद, त्यामुळे आत शिरलेली ओल महिनोन् महिने राहते. रस्ते दर काही वर्षांनी वरवर थर चढवून उंच होत गेले, आणि एकेकाळी रस्त्यापेक्षा वर असलेली जोती आज खाली गेली आहेत. पूर्वी अंगण, परसू आणि विहिरी पावसाचे पाणी जिरवत. त्यांच्या जागी फरशी आणि वाहनतळ आला.

पूररेषांच्या नियमांत निळी आणि लाल अशा दोन रेषा असतात. साधारण २५ वर्षांतून एकदा येणारा पूर कुठवर पोहोचेल हे निळी रेषा दाखवते आणि १०० वर्षांतून एकदा येणारा पूर कुठवर जाईल हे लाल रेषा. नकाशावरच्या या रेषांचे जुने भाषांतर म्हणजे जोत्याची उंची, पायऱ्यांची संख्या आणि माळा. फरक असा की जुन्या माणसाने पाण्याला मज्जाव करण्याचा हट्ट धरला नव्हता. पाणी कुठवर येऊ द्यायचे, कुठे थांबवायचे आणि गेल्यावर घर कसे वाळवायचे, याचा त्याने विचार केला होता. आज चिपळूणमध्ये नदीचा गाळ काढण्याविषयी बोलले जाते आणि ते आवश्यकही आहे. मात्र घर कसे बांधावे, या प्रश्नाची चर्चा त्यामानाने फार कमी होते.

काय जपता येईल

रत्नागिरी जिल्ह्यात जुनी घरे जपलेली नाहीत असे नाही. रत्नागिरीच्या टिळक आळीतील लोकमान्यांचे जन्मस्थान राज्य संरक्षित स्मारक आहे. मालगुंडला केशवसुतांचे घर आणि पालगडला साने गुरुजींचे घर लोकांनी आस्थेने सांभाळले. ब्रह्मदेशाच्या पदच्युत राजासाठी १९१० साली बांधलेला जांभ्याचा थिबा राजवाडाही उभा आहे. या सर्व वास्तू टिकल्या त्या तिथे राहिलेल्या माणसांच्या नावावर. ज्या घरात कुणी थोर पुरुष जन्मला नाही, राजा राहिला नाही, पण ज्याच्या जोत्यात, कौलात आणि वळचणीत एका प्रदेशाचे शहाणपण साठलेले आहे, अशा घराला कोणती यादी आधार देणार? मुंबईत १९९५ साली वारसा नियमावली आली. लहान शहरांतील साध्या घरांपर्यंत ती दृष्टी क्वचितच पोहोचते.

सगळी घरे वाचवता येणार नाहीत आणि तशी अपेक्षाही रास्त नाही. पण पाडण्यापूर्वी नोंद करता येते. घराचा मोजून काढलेला नकाशा, भिंतींची जाडी, जोत्याची उंची, पुराच्या पाण्याच्या खुणा, कौलांवरची नावे, लाकडाची जात, दालनांची स्थानिक नावे आणि घरात राहिलेल्या वृद्धांच्या आठवणी, एवढे टिपायला दोन-तीन दिवस पुरतात. वास्तुशास्त्राच्या महाविद्यालयांतील विद्यार्थ्यांना याहून चांगला अभ्यास कोणता? अशा नोंदी ठेवायला गावात जागाही आहे. १८६४ पासून चालत आलेल्या चिपळूणच्या लोकमान्य टिळक स्मारक वाचन मंदिराने २००५ आणि २०२१ या दोन्ही महापुरांत ग्रंथांचे नुकसान सोसले आणि तरीही ते पुन्हा उभे राहिले. पाण्याने काय नेले याची किंमत त्या संस्थेइतकी कुणाला ठाऊक असणार?

जी घरे अजून उभी आहेत, त्यांच्या मालकांसाठी काही गोष्टी अगदी साध्या आहेत. चिऱ्याच्या भिंतीला बाहेरून सिमेंट लावू नये. लावायचाच तर चुन्याचा गिलावा करावा. पावसाळ्यापूर्वी कौले चाळून घ्यावीत. रस्ता उंच झाला असेल तर जोत्याभोवती पाणी निघून जाण्यासाठी चर काढावा. स्वच्छतागृह, उजेड, गॅस आणि वीज या सोयी घराची मूळ रचना न मोडता करता येतात आणि कोकणात अनेकांनी त्या केल्या आहेत. नवे घर बांधणाऱ्यालाही जुन्यातून घेण्यासारखे पुष्कळ आहे. बाहेर काढलेली वळचण, उंच जोते, विजेचे सामान वरच्या मजल्यावर, सामान चढवायला जागा आणि पाणी जिरवणारे अंगण, यांतले काहीही आजच्या बांधकामाला परके नाही.

चिऱ्याची खाण आजही चालू आहे. हाताच्या हत्याराऐवजी आता यंत्राची करवत फिरते आणि एकसारखे चिरे मालमोटारींनी गावोगाव जातात. म्हणजे दगड संपलेला नाही. तो कुठल्या थरातून घ्यावा, किती दिवस मुरू द्यावा, पायात काय घालावे आणि त्यावर छप्पर किती पुढे काढावे, हे सांगणारी माणसे तेवढी कमी होत आहेत. पाडलेल्या घराचा चिरा धुऊन पुन्हा वापरता येतो. ते घर बांधणाऱ्याने केलेला विचार मात्र कुणी लिहून ठेवला नसेल, तर ढिगाऱ्यातून उचलता येत नाही.